घरचं वाक्य

आमच्या इंग्रजीच्या सरांना गाईडचा भारी राग होता. ते मूळचे गोंदिया शहरातले, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं हिंदीत. शाळेच्या गावात खोली घेऊन राहायचे, हातानं स्वयंपाक करायचे आणि शनिवारी दुपारच्या बसनं घरी पळायचे. नववीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमची सगळी गाईडं गोळा करून कपाटात कोंबली आणि फळ्यावर शब्दांचा एक तुकडा लिहिला : इन फ्रंट ऑफ. म्हणजे समोर. "असा रोज एक देणार," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं त्याचं एक वाक्य आणायचं. घरचं. गाईड का कुत्ता किसी को काटता नहीं. अपने घर का कुत्ता लाओ." पोरं हसली. सर हसले नाहीत. "और सच्चा लाओ. खोटं वाक्य मला लगेच कळतं." हे शेवटचं काही खरं नव्हतं, पण ते कळायला मला दिवाळीपर्यंत थांबावं लागलं.

मग रोज असे तुकडे येत गेले. ऑन द टॉप ऑफ, बाय द साइड ऑफ, अलाँग विथ, इन स्पाइट ऑफ. चिचगडच्या पलीकडे, जंगलाला खेटून असलेल्या आमच्या गावात तोवर इंग्रजी फक्त खताच्या पोत्यांवर होतं. मी संध्याकाळी चुलीजवळ वही घेऊन बसायची आणि घरभर नजर फिरवून वाक्य शोधायची. मांजर कणगीच्या वर झोपते. माय चुलीच्या समोर बसते. बाबा झिंग्यांच्या चटणीसोबत भात खातात. रोजचंच सगळं, सपरीतल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, खाटेची करकर, भाताच्या पेजेचा वास, मागच्या दाराशी बांधलेल्या बकरीचं खोकणं. पण इंग्रजीत उतरवलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं वाटायचं आणि मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. बाबा हात धुऊन येत आणि विचारत, "काय लिवून राहिली वं, पोट्टे?" मी वाचून दाखवून अर्थ सांगायची. "म्हंजे माजं जेवणबी गेलं का इंग्रजीत?" असं म्हणून ते खूष होत आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर चार जणांना सांगत, आमची शालू घरचं समदं इंग्रजीत लिवते. माय मात्र एकदा म्हणाली होती, "घरचं समदं कायले लिवावं?" तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

मी रोज एक नाही, दोन वाक्यं करायची. दुसरं सगुनासाठी. सगुना माझ्याच बाकावर बसायची. तिचा बाप सुकलू आमच्याकडं सालानं कामाला होता, म्हणजे वर्षभर शेत त्याच्याच हातात. त्यांच्या घरी गोंडी बोलत, आमच्याशी झाडीबोली, पुस्तकात पुण्याची मराठी, सरांची हिंदी. त्यावर हे इंग्रजी म्हणजे बिचारीला दुष्काळात तेरावा महिना. मला तिचं घर माझ्या घराइतकंच माहीत होतं, तेव्हा तिच्या घरचं वाक्य मीच करायची. कोंबडी माझ्या बापाच्या शेजारी झोपते, असलं काहीतरी. बदल्यात ती फ्रॉकच्या खिशातून उकडलेले शिंगाडे काढून द्यायची. शाळेच्या वाटेवर आम्ही दोघी ते सोलत सोलत जायचो आणि ती तिचं वाक्य घोकायची. शब्द न शब्द पाठ करायची ती. तिचं म्हणणं असं, की उधारीचं वाक्य निदान नीट सांभाळावं. सुकलू अबोल माणूस. नाल्याला पूर आला की आम्हा दोघींना दोन खांद्यांवर घेऊन पलीकडं सोडायचा. एकदा सगुनानं त्याला ते कोंबडीचं वाक्य म्हणून दाखवलं, तेव्हा तो इतका हसला की डोक्यावरचा भारा खाली ठेवून बसला.

त्या वर्षी डुकरांनी उच्छाद मांडला होता. धान भरात आलं की जंगलातून रानडुकरं उतरत आणि एकेक बांधी, अख्खं खाचर, पार लोळवून टाकत. आधी बाबा आणि सुकलू आळीपाळीनं माळ्यावर बसून डबे वाजवायचे. मग गावात इतरांनी केलं तेच बाबांनी केलं. बांबूच्या खुंट्या ठोकून शेताभोवती वीतभर उंचीवर तार ओढली आणि संध्याकाळी लांब बांबूनं तिचा आकडा विजेच्या लाईनवर टाकायला सुरुवात केली. खुंट्या सुकलूनंच ठोकल्या होत्या. हे चूक आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून बाहेरच्या माणसासमोर कुणी बोलत नसे. पण गावाचा आपसात एक नेम होता. आकडा टाकला की मालकानं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून गावाकडं तोंड करून तीनदा ओरडायचं, "तार लागली होऽऽ". सकाळी आकडा काढला की पुन्हा, "तार उतरली होऽऽ". त्या दोन हाकांच्या मध्ये कुणी शेताकडं फिरकायचं नाही. जेवायला बसलो की या बाजूनं, त्या बाजूनं हाका यायच्या आणि माय म्हणायची, हा अमक्याचा आवाज, हा तमक्याचा.

त्याच सुमाराला सरांनी फळ्यावर लिहिलं, अराउंड. भोवती. मी लिहून नेलं : माय फादर पुट्स अ वायर अराउंड द फील्ड. माझे बाबा शेताभोवती तार लावतात. सरांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली, खाली गुड लिहिलं आणि वही वर धरून वर्गाला वाचून दाखवलं. "देखो, ऐसा चाहिए." वर्गात निदान पाच-सहा जणांचे बाप तेच करत होते. सगुनाचा बाप तर त्याच तारेवर राबत होता. कुणाच्या मनात काही आलं नाही, सरांच्याही नाही. पुढं तीस वर्षं मी स्वतः इंग्रजीच्या वह्या तपासल्या, तेव्हा सरांना दोष देणं मला जमत नाही. लाल पेन हातात असलं की माणूस कसं लिहिलंय तेवढंच बघतो, काय लिहिलंय ते बघत नाही.

ती संध्याकाळ मला तपशिलानं आठवते, कारण त्यात काहीच घडलं नव्हतं. दुपारपासून लाईन गेलेली होती. बाबांनी सुकलूला सांगितलं, "उद्या लवकर येऊन वरच्या बांधीचं पाणी सोडजो, कापणीले जमीन वाळाले पायजे." सुकलू मान हलवून गेला. अंधार पडायच्या आत बाबांनी शेतावर जाऊन रोजच्यासारखा आकडा टाकला, लाईन आली की पुन्हा चक्कर नको म्हणून, आणि घरी येऊन पाय धुतले. मायनं चुलीपासून विचारलं, "आज वरडले नाई?" बाबा म्हणाले, "लाईनच नाई, त कायले वरडू? आली का जाऊन वरडतो." मग अंबाडीची भाजी आणि भात जेवून ते खाटेवर आडवे झाले. आम्ही कंदील मालवला. दिव्याचं बटण बंदच होतं, त्यामुळे लाईन कधी आली ते आमच्या घरात कुणालाच कळलं नाही.

सकाळी मी मागच्या अंगणात राखुंडीनं दात घासत होते. बाबा सपरीतून न येता मागच्या दारानं आले. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि खांद्यावर दुपट्टा नाही. बाबांना मी खांद्यावर दुपट्टा नसताना कधी पाहिलं नव्हतं. ते उखळाशेजारी खालीच बसले आणि मायला म्हणाले, "सुकलू गेला."

"कुठं?"

"तारेवर. हाक नाई आली, म्हून तार नाई, असं समजून आला तो. मी वरडलो नाई वं. मी वरडलोच नाई."

मायचं लक्ष माझ्याकडं गेलं. तिनं मला आत ओढलं, दार लोटलं आणि मग बाकीचं ऐकलं. बाबांनी आकडा काढला होता, तार गुंडाळून बांबूच्या बेटात लपवली होती. सुकलूला पाठीवर घेऊन नाल्याकडच्या वारुळापाशी नेऊन ठेवलं होतं. त्याच्या नडगीवर काळा चट्टा उठला होता, त्यावर स्वतःचा दुपट्टा करकचून बांधला होता, साप चावल्यावर बांधतात तसा. बाबांनी साप हा शब्द उच्चारला नव्हता. तो मायनं उच्चारला. "साप चावला म्हणा," ती म्हणाली, "आता तेच म्हणा. आन् तूबी ऐक, शाले. तुले काई मालूम नाई." माझ्या तोंडात राखुंडी तशीच होती.

गाव गोळा झालं. सुकलूला आणून नागोबाच्या ओट्यासमोर कडुनिंबाखाली झोपवलं. आमच्याकडं साप चावलेल्या माणसाला लगेच मेला म्हणत नाहीत. विष उतरेल म्हणून वाट पाहतात. भगत मंत्र म्हणत होता, बाया निंबाच्या डहाळ्यांनी वारा घालत होत्या. सगुना बापाच्या पायाशी बसली होती. तिच्या हातात डहाळी होती आणि ती एका लयीत वारा घालत होती, थांबलं तर बाप जाईल असं समजून. तिच्या शेजारी माझे बाबा उभे राहून वारा घालत होते. भगत म्हणाला, पाय सोडा, जखम पाहू द्या. बाबा म्हणाले, "नोको सोडू गा, विष वर चढंल." लोकांना पटलं. सगुनानं मला जवळ बोलावलं. "शालू, तू हात लावून पाय. गरम आहे ना वं? मले गरम लागते." मी सुकलूच्या पावलाला हात लावला. नाल्यातल्या दगडासारखं गार होतं ते. मी म्हणाले, "हो, गरम आहे." ती आणखी जोरानं वारा घालू लागली. दुपार कलेपर्यंत हे चाललं. मग त्याला पुरलं, बाबांच्या दुपट्ट्यासकट.

दुसऱ्या दिवशी माय माझं दप्तर घेऊन चुलीसमोर बसली. तिला वाचता येत नव्हतं. सगळ्या वह्या तिनं माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "शेताचं काय काय लिवलं ते दाखव." मी ते पान उघडलं. लाल खूण, खाली गुड. "फाड," ती म्हणाली. मी फाडलं आणि माझ्याच हातानं चुलीत घातलं. त्या चुलीवरचा भात मी जेवले. जेवले, हे मुद्दाम लिहिते. कारण पुढं लोकांना आठवण सांगताना आपण दोन दिवस अन्नाला शिवलो नाही, असं सांगायची माणसाला फार सवय असते.

सगुना दहाव्या दिवसानंतर शाळेत आली. सरांनी फळ्यावर त्यांच्या क्रमानं येणारा तुकडा लिहिला होता : बिकॉज ऑफ. च्यामुळे. मधल्या सुट्टीत ती मला हापशीपाशी घेऊन गेली. तिनं शिंगाडे आणले होते. "मले बापाचं लिवाचं आहे," ती म्हणाली. "सर म्हणते घरचं सच्चं लिवा. आता घरी बापाचंच सच्चं आहे. कशामुळं गेला, ते लिवून दे." मी म्हणाले, दुसरं काही लिहू, पावसाचं लिहू. तर ती चिडली. "काऊन? तू तुया बापाचं लिवत नाई का?" मग मी तिच्या वहीत लिहून दिलं. माय फादर डाइड बिकॉज ऑफ अ स्नेक. माझा बाप सापामुळे मेला. माझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं. तिनं अर्थ विचारला, मी सांगितला. ती ते घोकत घोकत वर्गात गेली. सरांनी वही पाहिली, चष्मा काढला, रुमालानं पुसला. मग लाल पेनानं बरोबरची खूण केली. काहीतरी बोलावं म्हणून ते म्हणाले, "बहुत सही, बेटा." खोटं वाक्य लगेच कळणारे आमचे सर.

गावात कुणीतरी तारेचं पुटपुटलं असावं. चार-सहा दिवसांनी पोलीस ठाण्यातला एक जमादार चौकशीला आला. आमच्या घरी त्यानं चहा घेतला, बाबांशी बोलला, शेत पाहिलं. शेताभोवती आता खुंट्याही नव्हत्या. सुकलूच्या बायकोपाशी गेला, तर ती रडत रडत गोंडीत बोलायची आणि ते त्याला उमगेना. तेव्हा तो पोरीला विचारायला शाळेत आला. आमच्या वर्गाच्या दारातच खुर्ची टाकून बसला आणि सगुनाला समोर उभं करून म्हणाला, "घाबरू नको. बापाच्या अंगावर काही भाजल्यासारखं दिसलं का? खरं सांग." सगुना थरथरायला लागली. तिनं बाकाकडं वळून पाहिलं, माझ्याकडं. मला माहीत होतं, आता उठून दोन शब्द बोलले तर सुकलूला उकरून काढतील, दुपट्टा सोडतील आणि बाबांना घेऊन जातील. एकीकडं माझा बाप आणि एकीकडं तिचा. मी बाकावरच्या शाईच्या डागाकडं बघत बसले.

सरांना पोरीची दया आली. वाईट हेतू त्यांच्या मनात अजिबात नव्हता. ते म्हणाले, "साहेब, बच्ची को क्यों तकलीफ देते हो? इसने खुद लिखा है, देखो." त्यांनी तिची वही जमादारापुढं धरली. मग सगुनाला म्हणाले, "पढ़ो बेटा, डरना नहीं." आणि सगुनाची थरथर थांबली, कारण हे तिला येत होतं. तिनं सरळ उभं राहून, हात मागं बांधून, सरांनी शिकवलं होतं तसं खणखणीत आवाजात वाक्य म्हटलं. न चुकता. जमादार चकित झाला. जंगलातली पोरगी इंग्रजी बोलते! त्यानं अर्थ विचारून घेतला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि उठला. "पोरीनं स्वतःच लिहून ठेवलंय," तो सरांना म्हणाला, "आता आणखी काय पाहिजे?" जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. सगुना बाकावर येऊन बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "चुकलं नाई ना वं?"

ती परीक्षेनंतर शाळेतून निघाली आणि धानाच्या रोवणीला बापाच्या जागी आमच्या बांधीत उतरली. बाबा दर सुगीला सुकलूच्या घरी धानाची पोती पोचवत. लोक म्हणत, असा मालक भाग्यानं मिळतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही अशी. एक वर्ष सोडून बाबांनी पुन्हा तार लावली, हेही सांगायला हवं. डुकरं काही थांबली नव्हती. फक्त आता लाईन असो की नसो, ते धुऱ्यावर उभं राहून ओरडत, तीनऐवजी पाच-पाच वेळा. शेवटच्या आजारपणात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण भर दुपारी खाटेवर उठून बसत आणि हाक देत, "तार लागली होऽऽ". माय त्यांच्या तोंडावर हात ठेवायची. अजूनही वर्तमानपत्रात शेतातल्या तारेची बातमी अधूनमधून येते. मी ती शेवटपर्यंत वाचत नाही.

मी शिकले, मास्तरीण झाले, इंग्रजीच शिकवलं आणि निवृत्त झाले. तेवढ्या वर्षांत सगुनाला खरं सांगायचं मी किती वेळा ठरवलं, ते सांगून स्वतःला मोठं करून घेत नाही. आधी बाबा होते म्हणून नाही सांगितलं. मग माय होती म्हणून. आता दोघंही नाहीत, तर कारणच उरलं नाही.

यंदा दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गावी गेले. पाळणे, जिलबीची दुकानं, दंडारीच्या नाचाचा ढोल, तशीच गर्दी. सगुना भेटली. केस पांढरे, दात दोन-चारच, बोटाला धरून सात-आठ वर्षांची नात. मला पाहून तिला कोण आनंद झाला. नातीला पुढं ढकलत म्हणाली, "हे शालूबाई. हिनं मले इंग्रजी शिकवलं. तुमी समजता का आजीले काई येत नाई?" नात विश्वास ठेवायला तयार नव्हती. तेव्हा सगुनानं पिशवी खाली ठेवली, हात मागं बांधले, सरळ उभी राहिली आणि ढोलाच्या वर आवाज काढून म्हणाली, "माय फादर डाइड बिकॉज ऑफ अ स्नेक."

पोरीनं आधी आजीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सगुना हसत होती. "अजूनबी पाठ आहे," ती म्हणाली. "बरोबर आहे ना वो, शालूबाई?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.